गुणविशेष, प्रमाण आणि विकृती : व्यक्तिमत्त्व-विकृतीच्या नव्या मापनपद्धतीचे परीक्षण

माणसाच्या स्वभावाला विकृत ठरविण्याचा अधिकार वैद्यकाला कोणत्या कसोटीवर प्राप्त होतो, हा मनोविकृतिशास्त्रातील एक जुना व अद्यापि न सुटलेला प्रश्न आहे. ज्वर मोजता येतो, क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविता येतात. परंतु संशयी, आत्मप्रौढ, उतावळा किंवा अतिकाटेकोर मनुष्य नेमका कोणत्या बिंदूपाशी रुग्ण होतो, हे दाखविणारे उपकरण कोणाच्या हाती नाही. फ्रान्समध्ये पिनेलने १८०१ साली भ्रमाविना होणाऱ्या उन्मादाचे वर्णन केले व इंग्लंडमध्ये प्रिचर्डने १८३५ साली 'नैतिक उन्माद' ही संज्ञा पुढे मांडली. बुद्धी शाबूत असूनही ज्यांच्या भावना व वर्तन बिघडलेले आहे अशा माणसांना वैद्यकाच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न तेव्हापासून चालू आहे. या प्रयत्नाचे अलीकडचे रूप म्हणजे गुणविशेषांचे मापन होय. स्वभावाचे ठरीव प्रकार मानण्याऐवजी प्रत्येक माणसात कमीअधिक प्रमाणात आढळणारे गुणविशेष मोजावेत आणि विकृतीचे निदान त्यांच्या आधारे करावे, अशी ही भूमिका आहे. तिचे सामर्थ्य कशात आहे आणि ती कोठे अडखळते, हे येथे पाहावयाचे आहे.

या वादाची मूळ रेषा कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२३ साली आखून ठेवली होती. त्याने दोन कल्पना एकमेकींपासून वेगळ्या केल्या. सरासरीपासून दूर गेलेले व्यक्तिमत्त्व ते असामान्य व्यक्तिमत्त्व, ही पहिली. अशा असामान्य व्यक्तिमत्त्वांपैकी ज्यांच्या असामान्यपणामुळे त्यांना स्वतःला दुःख भोगावे लागते किंवा ज्यांच्यापायी समाजाला दुःख भोगावे लागते ती विकृत, ही दुसरी. पहिली कल्पना निव्वळ प्रमाणाची आहे. दुसरीत दुःखाचा, म्हणजेच मूल्याचा, प्रवेश होतो. संतपुरुष व महाकवी हेही सरासरीपासून दूरच असतात; त्यांना रुग्ण म्हणावयाचे नसेल तर नुसत्या अंतराने भागत नाही. श्नायडरने विकृत व्यक्तिमत्त्वाचे दहा प्रकार सांगितले, ते मात्र वर्णनापुरते. एखाद्या मनुष्याला त्या प्रकाराचे लेबल लावले म्हणजे रोगाचे निदान झाले, असे तो मानीत नव्हता. पुढच्या काळात प्रकार टिकले आणि हा सावधपणा तेवढा गळून पडला, असे म्हणावे लागते.

प्रकारांचे हे आकर्षण एकट्या युरोपचे नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सात्त्विक, राजस आणि तामस मिळून सोळा प्रकारच्या सत्त्वांचे वर्णन आहे; थिओफ्रास्टसने ग्रीक भाषेत तीस स्वभावचित्रे रेखाटली. मनुष्यस्वभाव ठसठशीत पुतळ्यांच्या रूपाने लक्षात ठेवणे मनाला सोयीचे जाते. परंतु लक्षात ठेवण्याची सोय हा वर्गीकरणाच्या यथार्थतेचा पुरावा होऊ शकत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० साली निघाली. दोन तज्ज्ञ एकाच रुग्णाचे निदान वेगवेगळे करतात ही त्या काळी मोठी नामुष्की होती. तिच्यावर उपाय म्हणून प्रत्येक विकाराचे निकष क्रमवार देण्यात आले आणि व्यक्तिमत्त्वाच्या विकृतींसाठी स्वतंत्र अक्ष राखण्यात आला. विश्वसनीयता काही अंशी वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिची किंमत काय पडली हे साध्या अंकगणितानेही दिसते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व-विकृतीचे नऊ निकष आहेत व त्यांपैकी कोणतेही पाच निदानास पुरेसे आहेत. पाच किंवा अधिक निकषांचे निरनिराळे संच मोजले तर ते २५६ भरतात. एकच निदान झालेल्या दोन रुग्णांमध्ये नऊपैकी केवळ एक निकष समान असू शकतो. अतिकाटेकोर, म्हणजे अनिवार्यतेच्या, व्यक्तिमत्त्व-विकृतीत आठांपैकी चार निकष लागतात. तेथे तर एकही निकष समान नसलेले दोन रुग्ण एकाच नावाखाली येऊ शकतात. उलट चार निकष पुरे करणारा सीमावर्ती वृत्तीचा मनुष्य निदानाबाहेर राहतो आणि पाच पुरे करणारा आत येतो. या दोघांच्या दुःखात फरक कोणता, याला पुस्तिकेत उत्तर नाही. शिवाय एका रुग्णाला दोनतीन व्यक्तिमत्त्व-विकृती एकदमच लागू पडाव्यात हा नेहमीचा अनुभव होऊन बसला. रोग खरोखरच एकमेकांपासून विभक्त असते तर असे घडले नसते.

गुणविशेषवाद्यांनी हे दोष अचूक हेरले. त्यांच्याजवळ एक दुसरी, दीर्घ काळ स्वतंत्रपणे वाढलेली परंपरा होती. ज्या स्वभावभेदांना माणसे महत्त्व देतात त्यांना भाषेत शब्द मिळतोच, या गृहीतकावर ती उभी आहे. ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ साली वेब्स्टरच्या मोठ्या कोशातून माणसांतील भेद दाखविणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. कॅटेलने हा पसारा आवरता घेतला. ट्यूप्स व ख्रिस्टल यांना १९६१ मध्ये आणि नॉर्मनला १९६३ मध्ये घटक-विश्लेषणाने पाच व्यापक घटक मिळाले. कोस्टा व मॅक्रे यांनी १९९२ साली आपली २४० विधानांची सुधारलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली, तेव्हा हे पाच घटक व त्यांची तीस उपांगे मापनाचे प्रमाणभूत साधन बनले. विडिगर, लिव्हस्ली प्रभृती संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले : व्यक्तिमत्त्व-विकृती ही सर्वसामान्य गुणविशेषांचीच टोकाची अवस्था होय, तिला स्वतंत्र रोगजाती मानण्याचे कारण नाही. रुग्णांत आणि निरोगी लोकांत गुणविशेषांची रचना पुष्कळशी सारखीच आढळते, हा त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि त्याला प्रकारवाद्यांनी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

येथवर गुणविशेषवादाची बाजू वरचढ आहे. अडचण सुरू होते ती वर्णन सोडून निदानाकडे वळताना. २०१३ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीसाठी नेमलेल्या समितीने जी पद्धती सुचविली तिचे दोन भाग होते. पहिल्या भागात व्यक्तिमत्त्वाच्या कार्यक्षमतेचा विचार : आत्मभान, स्वयंदिशा, समानुभूती आणि निकटता या चार बाबतींत मनुष्य किती अडखळतो, हे शून्य ते चार या श्रेणीवर ठरवावयाचे व किमान दोन, म्हणजे मध्यम, इतका बिघाड निदानास आवश्यक मानावयाचा. दुसऱ्या भागात क्लेशप्रवणता, अलिप्तता, वैरभाव, असंयम आणि विक्षिप्तता ही गुणविशेषांची पाच क्षेत्रे व त्यांची पंचवीस उपांगे. क्रूगर व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली २२० विधानांची प्रश्नावली या दुसऱ्या भागासाठीच रचलेली आहे. परंतु संघटनेच्या विश्वस्त मंडळाने डिसेंबर २०१२ मध्ये जुनेच दहा प्रकार मुख्य विभागात कायम ठेवले आणि ही नवी पद्धती तिसऱ्या विभागात, पुढील अभ्यासासाठी म्हणून, ठेवून दिली. २०२२ च्या सुधारित पाठातही दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदत आहेत.

विश्वस्तांच्या या निर्णयाला बहुधा जुनाट वृत्तीचा विजय मानले जाते. तसे मानणे पूर्णतः न्याय्य नाही. शेडलर व त्याच्यासह बेक, केर्नबर्ग, गंडरसन, फोनागी यांसारख्या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या चिकित्सकांनी २०१० साली जो आक्षेप घेतला त्याचा गाभा असा : चिकित्सक रुग्णाकडे गुणांकांची बेरीज म्हणून पाहत नाही, एका लक्षणाचा दुसऱ्याशी असलेला संबंध त्याला महत्त्वाचा वाटतो. त्याहूनही लक्षणीय गोष्ट अशी, की स्वतः गुणविशेषवादी असलेल्या लिव्हस्लीने रोएल फेरहूल याच्यासह २०१२ साली समितीचा राजीनामा दिला. त्याचा रोष गुणविशेषांवर नव्हता. समितीची योजना विनाकारण गुंतागुंतीची व अंतर्विसंगत झाली आहे, यावर होता.

ही विसंगती नेमकी कोठे आहे, हे समितीच्या सीमावर्ती विकृतीच्या व्याख्येवरून स्पष्ट व्हावे. नव्या पद्धतीत तिचे सात गुणविशेष सांगितले आहेत : भावनांची चंचलता, चिंता, वियोगाची भीती, विषण्णता, आवेगशीलता, धोका पत्करण्याची वृत्ती आणि वैरवृत्ती. यांपैकी चार किंवा अधिक असावेत आणि त्यांत शेवटच्या तिघांपैकी किमान एक असावा. आता पुन्हा मोजणी करावी. असे संच ६३ होतात. २५६ पेक्षा ही संख्या खूपच लहान आहे, हे खरे. परंतु चंचल, चिंताग्रस्त, वियोगाला भिणारा व आवेगी असा एक रुग्ण आणि विषण्ण, आवेगी, धाडसी व वैरवृत्तीचा असा दुसरा रुग्ण घेतला, तर दोघांनाही तेच निदान मिळते आणि दोघांत समान असलेला गुणविशेष एकच उरतो. जुन्या निकषांवर जो आक्षेप होता तोच, त्याच आकड्यासह, नव्या व्याख्येवर लागू पडतो. आणि चार हीच संख्या का? निदानाच्या मर्यादा ठरविताना जुन्या आवृत्तीतील निदानाशी जास्तीत जास्त जुळतील अशा रीतीने त्या निवडण्यात आल्या. ज्या मापदंडाला सदोष ठरविले त्याच्याच आधारे नव्या मापदंडावर खुणा करण्यात आल्या! व्यवहारदृष्ट्या याचे समर्थन करता येईल. रुग्णांची संख्या एकाएकी वाढू वा घटू नये, ही काळजी रास्त आहे. परंतु मग प्रकारांच्या स्वैरपणातून सुटका झाल्याचा दावा करता येत नाही.

हा दोष समितीच्या हलगर्जीपणाचा नसून गुणविशेषाच्या कल्पनेतच त्याचे मूळ आहे. जे प्रमाण अखंड आहे त्याच्या अंगी कोणतीही नैसर्गिक सीमा नसते. रक्तदाबालाही ती नसते. परंतु तेथे अमुक दाबापुढे पक्षाघाताचा संभव किती वाढतो हे बाहेरच्या पुराव्याने ठरविता येते. प्रश्नावलीतील प्रत्येक उपांगाचा गुणांक शून्य ते तीन यांच्या दरम्यान निघतो. अमक्या समाजात अमका गुणांक किती विरळा, एवढे त्यावरून कळेल. विरळा म्हणजे विकृत काय, हे कळणार नाही. आणि श्नायडरने शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या केलेल्या दोन कल्पनांपैकी प्रश्नावली पहिलीच तेवढी मोजते. समितीला पहिला भाग, म्हणजे कार्यक्षमतेतील बिघाडाचा विचार, जोडावा लागला याचे कारण हेच. तो भाग जोडणे म्हणजे गुणविशेष निदानास अपुरे आहेत, ही कबुली होय. ती प्रामाणिक आहे, म्हणून तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु हे दोन भाग एकमेकांपासून कितपत स्वतंत्र आहेत? शार्प व तिच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली रुग्णांच्या निकषांचे विश्लेषण केले तेव्हा सीमावर्ती विकृतीचे सर्वच निकष एका सर्वसाधारण घटकावर एकवटलेले आढळले. इतर कित्येक विकृतींना मात्र त्यांचे निराळे घटक मिळाले. या निष्कर्षाचा एक अर्थ असा, की सीमावर्ती म्हणून ओळखली जाणारी अवस्था हा एक प्रकार नसून कोणत्याही व्यक्तिमत्त्व-विकृतीची तीव्रता होय. हा अर्थ ग्राह्य धरला तर तीव्रता आणि स्वभावाची ढब या दोन गोष्टी वेगळ्या मोजण्यास आधार मिळतो. तथापि दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत, एकाच मनुष्याला, प्रश्नावलीने विचारल्या तर त्यांचा सहसंबंध वाढणारच. दुःखात असलेला मनुष्य आपल्या स्वभावाविषयीही दुःखानेच बोलतो. अशा वेळी आढळलेला संबंध मनाच्या रचनेचा आहे की उत्तरे देण्याच्या रीतीचा, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

आत्मनिवेदनाच्या या मर्यादेला आणखीही एक बाजू आहे. २२० विधानांपैकी उलट्या अर्थाने गुण द्यावयाची विधाने केवळ १६ आहेत. उरलेल्या २०४ विधानांना जो होकार देत जाईल त्याचा विकृतीचा गुणांक वाढत जातो. होकार देण्याची सवय आणि विकृती यांत येथे गल्लत होऊ शकते. वैरभावाच्या बाबतीत तर अडचण उलटी आहे : जो इतरांना वापरून घेतो त्याला आपण तसे करतो असे क्वचितच वाटते. हेअरच्या मनोविकृत-वृत्तीच्या वीस कलमी श्रेणीत मुलाखतीबरोबर कागदोपत्री नोंदीही पाहाव्या लागतात, ते उगाच नव्हे.

मराठीभाषक रुग्णापुढे अशी प्रश्नावली ठेवावयाची झाल्यास हा प्रश्न अधिकच बिकट होतो. शब्दकोशावर उभारलेली पद्धती परभाषेत नेताना वाक्यांचे भाषांतर होते, शब्दांमागील मूल्यव्यवस्थेचे होत नाही. क्लेशप्रवणतेच्या क्षेत्रात 'वशवर्तिता' हे एक उपांग आहे व त्याची मोजणी अवघ्या चार विधानांवर होते. मराठीत त्याच्या जवळपास येणारा शब्द 'भिडस्तपणा'. परंतु भीड म्हणजे काही वशवर्तिता नव्हे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण भिडेला दोष ठरविते. ज्याला भीडमुर्वत नाही त्याला मात्र तीच भाषा उद्धट म्हणते. वडीलधाऱ्यांपुढे आपले मत आवरून धरणारी सून आणि कोणाच्याही दबावाखाली स्वतःला हरवून बसणारी स्त्री या दोघी त्या चार विधानांना सारखीच उत्तरे देतील. एक व्यवहार जाणते, दुसरी आतून पोखरलेली आहे. 'मानी', 'हेकट', 'कुढा', 'मिंधा' या शब्दांचीही हीच गत आहे. 'मानी' या शब्दात स्तुती किती व निंदा किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते. मराठी शब्दसंपत्तीचीच छाननी करून काय हाती लागते ते पाहणे आणि आयत्या पाच क्षेत्रांची मराठी विधाने तयार करणे, ही दोन निराळी कामे आहेत. दुसरे झाले म्हणजे पहिले झाले असे समजू नये.

भारतात या वादाला कायद्याचेही अंग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वये मानसिक आजार ठरविताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेची वैद्यकीय मानके पाळावयाची आहेत, आणि त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अद्ययावत आवृत्तीचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच कलमात, समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा आजार ठरविण्याचा आधार होऊ नये, असेही म्हटले आहे. श्नायडरच्या व्याख्येतील 'समाजाला होणारे दुःख' हा अर्धा भाग किती जपून वापरला पाहिजे, हे येथे कायद्यानेच सांगितले आहे.

रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने २०१९ साली संमत केली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. टायररच्या नेतृत्वाखालील गटाने जुने प्रकार जवळजवळ पुसून टाकले. आता प्रथम व्यक्तिमत्त्व-विकृती आहे की नाही हे ठरवावयाचे, मग ती सौम्य, मध्यम की तीव्र हे सांगावयाचे, आणि त्यानंतर वाटल्यास क्लेशप्रवणता, अलिप्तता, समाजविरोध, असंयम व काटेकोरपणाचा अतिरेक यांपैकी लागू पडणारी विशेषणे जोडावयाची. विकृतीच्या खालची एक पायरी, 'व्यक्तिमत्त्वविषयक अडचण', हीही नोंदविता येते. तिला विकार मानलेले नाही. या योजनेत गुणविशेषांचे स्थान विशेषणाचे आहे, निदानाचे नाही. अमेरिकन योजनेहून ती अधिक सुसंगत आहे ती याच कारणाने. सौम्य आणि मध्यम यांमधील सीमा तीही चिकित्सकाच्या निर्णयावर सोडते, परंतु सोडते हे लपवीत नाही.

तिलाही एक तडजोड करावी लागली. युरोप व अमेरिकेतील या विषयाच्या अभ्यासक-संघटनांनी आक्षेप घेतल्यावर 'सीमावर्ती आकृतिबंध' हे विशेषण पुन्हा दाखल झाले. शुद्ध सिद्धांताच्या दृष्टीने हा पराभव होय. रुग्णांच्या दृष्टीने मात्र तसे म्हणवत नाही. लिनेहानच्या उपचारपद्धतीची १९९१ सालची कसोटी काय किंवा बेटमन व फोनागी यांची १९९९ सालची काय, दोन्ही सीमावर्ती निदान झालेल्या रुग्णांवरच घेण्यात आल्या. वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्या मनुष्यासाठी कोणता उपचार परिणामकारक ठरतो, हे ज्ञान त्या सदोष नावाखालीच साठलेले आहे. नाव पुसले तर त्या ज्ञानाकडे जाणारी वाटही काही काळ पुसली जाईल. 'तीव्र क्लेशप्रवणता व असंयम' असे निदान मिळालेल्या रुग्णावर काय उपचार करावेत, याची तितकी कसून घेतलेली परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.

राहता राहिला कारणमीमांसेचा प्रश्न, आणि तेथे गुणविशेषवादाची भाषा सर्वांत सैल आहे. अमुक मनुष्य वैरभावामुळे भांडतो असे म्हणणे म्हणजे त्याच्या भांडणांनाच दुसरे नाव देऊन ते नाव भांडणाचे कारण म्हणून पुढे करणे होय. घटक-विश्लेषणाने मिळणारे घटक हे माणसामाणसांतील भेदांचे असतात. एका माणसाच्या मनात काय घडते याचे ते वर्णन असलेच पाहिजेत असे नाही. बोर्सबूम व त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हा मुद्दा तर्कदृष्ट्या नीट मांडला आहे. त्याआधी १९६८ साली मिशेलने प्रसंग बदलला की वर्तन बदलते, याकडे लक्ष वेधले होते. त्याचा हल्ला अतिरेकी होता. पण तो विसरला जाऊ नये.

काळाच्या कसोटीवर मात्र गुणविशेषवादाला अनपेक्षित बळ मिळाले. व्यक्तिमत्त्व-विकृती म्हणजे चिरस्थायी अवस्था, ही तर जुन्या व्याख्येची पहिलीच अट. पण झॅनारिनीने मॅक्लीन रुग्णालयात २९० सीमावर्ती रुग्णांचा जो दीर्घ पाठपुरावा केला त्यात दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांना निदान न लागण्याइतका आराम निदान दोन वर्षे तरी लाभला. सामाजिक व व्यावसायिक जीवनासह पूर्ववत होणारे मात्र निम्मेच निघाले. निदानाचे प्रकार असे ओसरत असताना गुणविशेष तुलनेने अधिक स्थिर राहतात, असे अमेरिकेतील दुसऱ्या एका सहयोगी पाठपुराव्यातही आढळले. म्हणजे ज्याला चिरस्थायी म्हटले गेले ते बदलत होते आणि जे टिकून होते त्याला विकृती म्हणता येत नव्हते. निदानातून सुटलेल्या, पण नोकरी व घर धड सांभाळू न शकणाऱ्या त्या उरलेल्या निम्म्या रुग्णांचे काय, याचे उत्तर गुणविशेषांच्या आलेखात सापडत नाही. ते सापडलेच तर कार्यक्षमतेच्या त्या पहिल्या भागात सापडेल, आणि तो भाग मोजण्याची साधने आजही सर्वांत कच्ची आहेत.